उपाशी वाफा

महाडला कोणी हवापालटासाठी जात नाही. तरी मी घरी तेच सांगून निघालो, आणि घरच्यांनी ते मुकाट्याने खरे मानले. मी मुळात कमी बोलणारा. त्यामुळे माझे जे काही थोडे बोलणे असते ते लोकांना नेहमी खरे वाटत आले आहे. या गोष्टीचा मी आयुष्यात एकदा फार वाईट उपयोग केला. परत आल्यावर मंडळींनी विचारले, काय पाहिलेत तिकडे? म्हटले, लिहूनच सांगतो. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांना तिथले डोंगर, नदी, माणसे दिसावीत, एवढा हेतू तर आहेच. पण मी तिथे का गेलो हे वगळून डोंगर-नदीचे वर्णन करत बसलो, तर ते आणखी एक खोटे होईल.

वरंधचा घाट

भोरपर्यंतचा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा. तो सोडून देतो. मार्गशीर्ष लागला होता. आमची मोटार घाटमाथ्यावर पाणी घालायला थांबली, तेव्हा सूर्य वर आलेला होता, पण खालचे कोकण अजून उठले नव्हते. दरी काठोकाठ धुक्याने भरलेली होती, आणि त्या पांढऱ्या पाण्यातून डोंगरांची माथी तेवढी बेटांसारखी वर आलेली. मी कठड्याशी वाकून पाहत राहिलो. किती वेळ कोण जाणे. बारा वर्षांपूर्वी याच ठिकाणी असाच वाकलो होतो, आणि मधली बारा वर्षे म्हणजे मोटारीत लागलेली एक डुलकी, असे काहीसे वाटले.

"काय बघताय एवढं वाकून?" मागून एक म्हातारी म्हणाली. भोरच्या बाजारातून कांद्याची पाटी घेऊन ती वरंधला चालली होती. "कोकन हाय ते. पळून नाय जात."

मी म्हटले, "दिसत नाही म्हणून पाहतोय."

"दिसंल. उतरलं का दिसतं." आणि तिने मला एक कांदा दिला. का दिला ते कळले नाही. पोटात ढवळले तर हुंगायचा असतो, असे ड्रायव्हरने मागाहून सांगितले. पुढच्या सगळ्या वळणांवर मी तो कांदा नाकाशी धरून बसलो होतो, आणि मोटारीतली माणसे माझ्याकडे पाहून गालात हसत होती.

घाट उतरता उतरता धुके विरत गेले आणि डोंगरांचे उतार उघडे पडले. ते पाहून देशावरच्या माणसाला नवल वाटते. कोकण म्हणजे हिरवे, अशी आपली समजूत. पण पावसाळा सरला की हे उतार पिवळे पडतात, मग करडे, आणि वैशाखात तर दगड नुसता भाजून निघतो. चार महिने पाण्यात आणि आठ महिने वाळवंटात राहणारी ही जमीन. वरकस म्हणतात तिला. दोन-तीन वर्षे नाचणी-वरी घ्यायची आणि मग पुष्कळ वर्षे पडीक टाकायची.

याच जमिनीवर राजपुतान्याच्या वाळूत वाढणारे झुडूप लावून पाहावे, असे आमच्या शेतकी खात्यातल्या कोणाच्या तरी मनात आले. झुडूप म्हणजे मेंदी. मेंदीला पाणी थोडे लागते, गुरे ती खात नाहीत, आणि वाळलेल्या पाल्याला बाजारात मागणी असते. डोंगरातल्या माणसाला नाचणीखेरीज एक पीक मिळेल, असा विचार. तो वाईट नव्हता. त्या वेळी मी खात्यात होतो. मला पोलादपूरच्या वरच्या अंगाला उंबरकोंड नावाच्या वाडीवर पाठवण्यात आले, आणि सोबत विलायती खताची पोती दिली.

महाड

महाडात रात्रीपुरता उतरलो. ते सावित्रीच्या काठचे बाजाराचे गाव. भरतीच्या पाण्याबरोबर खालून होड्या येतात. त्यांत कौले, मीठ, सुकट. संध्याकाळी सगळ्या गावावर सुकटीचा वास आणि तांदळाच्या भाकरीचा धूर असा काही मिसळून पसरतो की आपण पाण्याखालच्या गावात हिंडतो आहोत असे वाटावे. खाणावळीत कडव्या वालाचे बिरडे मिळाले. आमच्याकडे वाल म्हणजे लग्नातली उसळ. इथे तो रोजचा. सोललेला प्रत्येक दाणा अख्खा, आणि तोंडात गेल्यावर मात्र लोण्यासारखा. मी दोनदा मागून घेतले. अपराधी माणसाची भूक मरते म्हणतात. माझी कधी मेली नाही.

आता ती गोष्ट सांगतो.

उंबरकोंडला मी दोन वाफे आखले. दोहोंत सारखीच रोपे. एका वाफ्याला विलायती खत, दुसऱ्याला काही नाही. हा दुसरा वाफा मोजमापासाठी असतो. कोरा ठेवल्याशिवाय खताने काय केले हे कळत नाही. जमीन गंगाराम नावाच्या शेतकऱ्याची. तिशीतला, रुंद खांद्यांचा, मोजके बोलणारा. देवळाची किल्ली त्याच्या घराण्याकडे होती आणि शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालखीला पुढचा खांदा त्याचा. खताचे पोते कोरड्या जागी राहावे म्हणून मी ते देवळातच ठेवायला लावले.

पहिल्या वर्षी खताने कमाल केली. दसऱ्यापर्यंत खताच्या वाफ्यातली मेंदी कमरेला लागली. कोरी गुडघ्यावरही आली नाही. मी मोठ्या हौसेने आकडे कळवले. दुसऱ्या वर्षी पाऊस ओसरल्यावर पाहतो तो कोरा वाफा खताच्या वाफ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा. आणि देवळातले पोते अर्धे रिकामे. चारच दिवसांनी वरचे साहेब पाहणीला यायचे होते.

पोते का हलके झाले ते मला पहिल्या नजरेत कळले होते. ते खत सोऱ्याच्या जातीचे, दिसायला मिठासारखे. दमट हवेत ते ओल धरून विरघळते. कोकणच्या पावसाळ्यात ते पत्र्याच्या डब्याशिवाय ठेवणे हा माझा गाढवपणा. पोत्याखालची फरशी ओली होती आणि तिच्या कडांना पांढरे पापुद्रे धरले होते. मी ते रुमालाने पुसून काढले.

कोरा वाफा का वाढला हे मला गंगारामच्या बायकोने सांगितले. भागीर्थी तिचे नाव. साहेब यायच्या दिवशी सकाळीच ती पोलादपूरला माझ्या मुक्कामावर आली. कोकणात भाताची रोपे टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्यांचे कवळे पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. ती म्हणाली, "वाफा आखायचा आन् राबाशिवाय ठेवायचा, आमच्यात असं नाय सायब. ज्याच्या घरात मयत झालं त्याचाच वाफा तसा ऱ्हातो. एकीला ताटावर बसवायचं आन् एकीला दाराशी उभी करायची, मला बघवंना. चैतात भाताचा राब भाजला त्याची राख आन् शेन मीच टाकलं त्या उपाशी वाफ्याला. ह्यांना ठाऊक नाय."

मग तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. उजव्या हाताला खताच्या वाफ्यातली मेंदी, डाव्याला राखेच्या. उजवा हात हळदीचे पाणी लागावे तसा फिका. डावा काताच्या रंगासारखा गडद. "पाला मोठा झाला, पन रंग पाण्यात गेला," ती म्हणाली. "ह्ये तुमच्या कागदात लिवा."

माझ्या सगळ्या नोकरीत मला सापडलेली खरी अशी ती एकच गोष्ट. तीही मला सापडली नव्हती. दोन तळहातांवर कोणीतरी आणून दाखवली होती. नुसत्या विलायती खताने झुडूप फोफावते आणि रंगाला उतरते. राखेने ते वाढतेही आणि रंगही राखते. मी म्हणालो, "बरं."

दुपारी साहेबांनी वाफे पाहिले, पोते पाहिले आणि लगेच ताळा जमवला: किल्ली याच्याकडे, पोते अर्धे, कोरा वाफा वाढलेला, म्हणजे खत याने चोरले आणि इथे टाकले. सगळी वाडी भोवती उभी होती. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "असंच ना?"

मी मान हलवली. तोंडाने एक शब्द बोललो नाही. आपण खोटे बोललो नाही, असे स्वतःला सांगण्याची सोय मी त्यातून काढून ठेवली, आणि ती पुष्कळ वर्षे वापरली.

देवळातून चोरी म्हणजे देवाची चोरी. त्या शिमग्यात वाडीने गंगारामला पालखीला हात लावू दिला नाही. त्याआधीच माझी बदली झाली होती; शिमग्याचे मला नंतर पत्राने कळले. आता नोकरी संपली, मुलीचे लग्न झाले, आणि बोलायला फुरसत मिळाली तेव्हा ध्यानात आले की बोलण्यासारखे माझ्याजवळ एवढेच आहे. गंगारामचा खांदा वाडीसमोर त्याला परत द्यायचा. त्यासाठी मी निघालो होतो.

उंबरकोंड

पोलादपूरपासून वाडीपर्यंत दोन तास चढ. पहाटे निघालो. धुक्यात पायवाट चार पावलांपुढे दिसत नव्हती. झाडे एकेक करून जवळ यायची आणि मागे निघून जायची, जणू मी उभाच आहे आणि डोंगर माझ्यावरून चालला आहे. एका वळणावर निसरड्या दगडावरून घसरलो आणि धोतर गुडघ्यापासून फाटले. वाडीत पोचलो तो असा.

वाडीचे वडीलधारे सखाबा अंगणात नाचणी झोडपत होते. त्यांनी मला ओळखले. "अरे, शेतकीचे सायब! बसा बसा. गो, पानी आन." त्यांची सून सुई-दोरा घेऊन आली, "तसंच बसा, हलू नका," म्हणाली आणि माझ्या अंगावरच धोतराला टाके घालू लागली. इतकी सहज माया मला अपेक्षित नव्हती. मला शिव्या हव्या होत्या.

वाफे पाहायला गेलो. खताच्या वाफ्यात आता मेंदीचे नाव नव्हते. मऊ फोफावलेली खोडे एकाच पावसाळ्यात कुजली, असे सखाबा म्हणाले. शेजारी मात्र माझा कोरा वाफा झुडपांची भिंत होऊन उभा होता, माणसाहून उंच. त्याला पांढुरकी फुले होती आणि तो धुक्यात नुसता वासाने ओळखू येत होता. त्या वासात मला क्षणभर कसलीही आठवण राहिली नाही. एक मुलगी पाला ओरबाडून ओच्यात भरत होती.

"कसली गो ही?" मी विचारले.

"चोराची मेंदी," ती म्हणाली.

"चोराची?"

"नावच हाय तिचं. लय रंगते." आणि ती हसून पळाली.

सखाबाही हसले. "पोरास्नी काय ठाऊक? त्या गंगारामानं खत चोरून टाकलं नव्हतं का! तुमीच तर पकडलात."

इथे मी बोलायला हवे होते. त्यासाठीच आलो होतो. पण समोर नाचणीची भाकरी आली, कुळथाचे पिठले आले, सून "अजून घ्या" म्हणाली, धोतराचे टाके नुकतेच घातलेले होते, आणि मी भाकरीचा घास मोडला. मी एवढेच विचारले, "तो कुठे असतो आता?"

"खाली तुडीलला. होडी चालवतो. शिमगा झाला, सहानेवर किल्ली ठेवली आन् बायकोला घेऊन गेला. परत पाय नाय ठेवला वाडीत."

सहाण म्हणजे पालखी टेकवायचा देवळापुढचा चौथरा. उतरताना मी तिकडे पाहण्याचे टाळले. अशा रीतीने मी त्या वाडीत दुसऱ्यांदा मान हलवून परतलो.

तुडील

दुसऱ्या दिवशी महाडहून ओहोटीबरोबर खाली जाणाऱ्या होडीत बसलो. सावित्री तिथे नदीही असते आणि खाडीही. एकदा समुद्राकडे जाते, एकदा परत येते. दोन्ही काठांना डोंगर, पाण्यात त्यांची उलटी रूपे, आणि मध्ये आपण. वल्ह्याच्या आवाजाने गुंगी येत होती. तेवढ्यात होडी चिखलात रुतली. मालकाने निघायला उशीर केला होता आणि पाणी पायाखालून निघून गेले. आता भरती येईपर्यंत असेच बसायचे. मालक, त्याला तिथे तांडेल म्हणतात, खुशाल विडी ओढू लागला. "कशाला तळमळताय? समुद्र गेलाय, येईल." मंडळींनी गाठोडी सोडली, भाकऱ्या काढल्या. आमच्या पुण्यात मोटार पाच मिनिटे थांबली तर भांडणे होतात. इथे माणसे समुद्राची वाट पाहतात आणि जेवतात.

तासाभराने एक हलकी होडी उरल्यासुरल्या पाण्यातून आली. तुडीलला एक जण नेतो म्हणाला. मी चढलो. वल्हवणारा पिकल्या दाढीचा, डोक्याला फडके.

"तुडीलला कोनाकडं?"

"गंगाराम म्हणून कोणी आहे. वरच्या अंगाचा."

"काय काम?"

"त्याला काही सांगायचंय."

त्याने वल्ह्याचे दोन हात मारले. मग पाण्याकडे पाहतच म्हणाला, "चश्मा बदललात, सायब. आधीचा गोल व्हता."

मी त्याला ओळखले नव्हते. रुंद खांदा तसाच होता, पण तो आता एका बाजूला उतरला होता, वल्ह्याच्या बाजूला. होडीतून उठून कुठे जाता येत नाही हे बरे झाले. मी तिथेच, पाण्यावर, सगळे बोलून टाकले. फरशीवरचे पापुद्रे, रुमाल, भागीर्थीचे येणे, माझे 'बरं', मान. काही वगळले नाही. त्याच्या वल्ह्याचा ठेका बदलला नाही.

पलीकडच्या काठावर नारळाखाली त्याचे घर. भागीर्थी दारात होती. त्याने तिला सांगितले, "शेतकीचं सायब आलंत. म्हनतात मी चोर नाय."

"अगो बाई," ती म्हणाली, "आता झोप लागंल तुमाला!" आणि दोघेही हसली. मला हसता येईना.

तिने पेज वाढली, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. आपल्याकडे पेज आजाऱ्याला देतात. इथे ती कामावरून आलेल्याला. मला कोणत्या नात्याने वाढली कोण जाणे. जाळ्याची गाठ मारत गंगाराम म्हणाला, "मला कशाला सांगितलंत? मी चोर नाय हे मला ठाऊकच हाय की. ज्यांस्नी ठाऊक नाय त्यांस्नी सांगा."

मी कबूल केले की काल मी वाडीवर होतो, जेवलो, आणि बोललो नाही.

भागीर्थी माझ्याकडे वळली. "त्या दिशी 'बरं' म्हनलात. मी परत येताना नाचत आलं व्हतं वाटेनं. वाटलं, सायब शिकलेला मानूस, 'बरं' म्हनला म्हंजी झालं. बारा वरसं ह्यांचं तोंड बघतंय मी. मी राखेचं सांगितलं तर चोराच्या बायकोचं कोनी खरं धरलं नाय. राख टाकली मी, आन् खांदा गेला ह्यांचा." तिने पेजेची वाटी माझ्यापुढून उचलली. "उद्या मी येतंय वर तुमच्याबरोबर. जेवायच्या आधी बोला. जेवलात की तुमची वाचा जाते."

"तुम्ही येता का?" मी गंगारामला विचारले.

"मी नाय," तो म्हणाला. "मला हाकलला तवा मी चालत उतरलो. आता बोलवनारानं चालत यावं."

पुन्हा उंबरकोंड

वाटेत पोलादपूरला रात्र काढून पहाटे चढायला लागलो. भागीर्थी माझ्यापुढे चढत होती. बारा वर्षांनी तिची पावले आपोआप दगड ओळखत होती. ती वाटेतल्या झाडांची खबर घ्यावी तशी बोलत होती, हा ऐन तोडला वाटतं, ही आंबी तेवढीच राहिली. मला ते सगळे ऐकू येत होते आणि येत नव्हते. धुके होते, आणि त्या धुक्यात माझे वाक्य मी पुनःपुन्हा जुळवत होतो.

वाडीत तिला पाहून बाया दारांत आल्या. कोणी 'ये' म्हटले नाही, कोणी 'जा' म्हटले नाही. ती कोणाच्या ओटीवर चढली नाही, सरळ सहाणेपाशी जाऊन उभी राहिली. सखाबा आले, मागोमाग पाच-पन्नास माणसे. मला बसायला पाट आणला. मी बसलो नाही. बरोबर आणलेला नारळ पुढे ठेवला आणि जुळवलेले वाक्य विसरून गेलो.

"गंगारामने खत चोरलं नाही," मी म्हणालो. "ते पावसात विरघळलं. चूक माझी होती. वाफ्याला राख ह्या बाईने टाकली, आणि ते तिने मला आधीच सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी मान हलवली. ती मान खोटी होती."

इतकेच. बारा वर्षांचे ओझे एवढ्या थोड्या वाक्यांचे असेल असे वाटले नव्हते. खात्याला मी निघण्यापूर्वी हेच लिहून कळवले होते. तिथे ते वाफे कोणाला आठवत नाहीत. इथे मात्र प्रत्येकाला आठवत होते.

मला वाटले, आता माझ्यावर येतील. पण ते एकमेकांकडे पाहत होते. शेवटी ज्या सुनेने माझे धोतर शिवले होते तीच मागून म्हणाली, "मामंजी, शेरडं चाटीत व्हती."

"गप गो," सखाबा म्हणाले.

"कशाला गप? मी नवी नवरी व्हते, माझ्या ध्यानात हाय. त्या पावसाळ्यात देवळाच्या मोरीपाशी शेरडं हटत नव्हती. पांढरं पानी वाहत व्हतं, ते चाटीत. दोन शेरडं मेली पन. समद्यांनी बघितलं."

सखाबांनी खाली बसून डोक्याचे पागोटे काढले आणि मांडीवर ठेवले. "बघितलं व्हतं," ते हळू म्हणाले. "मीठ विरघळतंय हे कोकनातल्या पोरालाही कळतं. पन सायबानं मान हलवली. आमी म्हनलं, शिकलेल्या मानसाची मान हाय." मग माझ्याकडे न पाहता, "एक मान तुमची हलली सायब, आन् पन्नास आमच्या."

हे मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे तो अपराध मी एकट्याचा म्हणून सांभाळला होता. तो एकट्याचा नव्हता हे कळून मला हलके वाटायला हवे होते. वाटले नाही. माझ्या मानेने पन्नास माणसांना लबाड केले, एवढेच कळले.

"येत्या शिमग्याला सांगावा धाडू," कोणीतरी म्हणाले.

"सांगावा नको," भागीर्थी म्हणाली. ती प्रथमच बोलत होती. "हाकलताना चौघं पुढं झाला व्हतात. बोलवायला चौघं या. आन् आज या. मला पाय दुखायच्या आत."

नदीकाठी

सखाबांसह चौघे आणि भागीर्थी त्याच दिवशी उतरली, मागे मी. महाडात मुक्काम पडला आणि सकाळी काठाकाठाने चालत तुडीलच्या समोरच्या काठाला पोचलो. सखाबांच्या हातात नारळ आणि विडा होता. ते त्यांनी वाटभर कोणाला धरू दिले नाहीत. सावित्रीवर धुके इतके दाट होते की पाणी कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते सांगता येईना. भागीर्थीने तोंडाशी हात धरून हाक घातली. बराच वेळ काही नाही. मग वल्ह्याचा आवाज आला, आधी आवाज, मागाहून होडी, शेवटी माणूस.

गंगारामने होडी काठाला लावली आणि तसाच बसून राहिला. चौघे चिखलात उतरून उभे राहिले. म्हातारे सखाबा घोट्यापर्यंत रुतले.

"गंगाराम," ते म्हणाले, "पालखीचा फुडचा खांदा बारा वरसं वाकडा चाललाय. कोनी उचलला तरी डावीकडं झुकते. चल."

गंगारामने नारळाकडे पाहिले, विड्याकडे पाहिले. "माझाच खांदा आता झुकलाय, सखाबा," तो म्हणाला. "पालखी दोन्हीकडनं झुकंल."

"झुकू दे. मग सरळ दिसंल."

यावर गंगाराम हसला, आवाज न करता. त्याने हात पुढे करून म्हाताऱ्याला चिखलातून ओढून घेतले. "आधी घरला चला. पेज हाय. मग बघू." एकामागून एक बाकीचे तिघे चढले, भागीर्थी चढली. होडी पाण्यात खाली बसली. मी चपला हातात घेऊन चिखलात एक पाऊल टाकले होते.

"सायब," गंगाराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. "तुमचं काम झालं. तुमी मोटारीनं जावा. होडीत जागा नाय."

मी होडीकडे पाहिले. जागा होती. भागीर्थीच्या शेजारी एका माणसापुरती मोकळी फळी होती, आणि ते सगळ्यांनाच दिसत होते. गंगारामने वल्हे काठाला टेकवून होडी लोटली. ती धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली, तरी बोलणे ऐकू येत होते. सखाबा काहीतरी सांगत होते, भागीर्थी त्यांना दटावत होती, आणि मग सगळी एकदम हसली. मला वाटते, मलाच हसली. मी पाय चिखलातून काढला आणि मोटारीच्या रस्त्याला लागलो.